इस्माईल मर्चंट यांची लिंबू घातलेली मसूर: कडू का होते, आणि ४० जणांसाठी प्रमाण काय?

तिसरीघंटा

लघुपटाचं दोन दिवसांचं शूटिंग वाईजवळ आहे, युनिट ४० जणांचं. दुपारच्या जेवणात निर्माते इस्माईल मर्चंट यांच्या १९८६ च्या 'इंडियन क्युझीन' पुस्तकातली लिंबाची मसूर करायची आहे. ज्यांनी पुस्तक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी कृतीचा सांगाडा असा: सढळ तेलात कांदा आणि दालचिनी परतायची, मसूर डाळ, आलं, लाल तिखट घालून शिजवायची, लिंबाचा रस घालायचा आणि पिळून झालेल्या लिंबाच्या सालीही त्याच भांड्यात टाकायच्या. शेवटी वरून लसूण-मिरचीची फोडणी.

पाव किलो डाळीवर चाचणी घेतली. तीन कागदी लिंबं, सालींसकट. पातेलं साधारण ५० मिनिटं गॅसवर होतं. दहाव्या मिनिटाला चव छान लागली, तासाभराने तीच डाळ कडूजहर. शिवाय डाळ नीट मिळूनही आली नाही, दाणा दातांखाली कचकचत राहिला.

विचारायचं ते असं:
१) कडवटपणा कुठून येतो? साली काढूनच टाकायच्या का?
२) ४० जणांना डाळ, पाणी, मीठ, रस किती?
३) त्यांच्या कृतींत फ्रेंच मोहरी वरचेवर येते. तिच्या जागी आपल्याकडचं काय चालेल?

पाटावरवंटा

चूक तुमची नाही, लिंबाची आहे. पुस्तक अमेरिकेतल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलंय. तिथलं 'लेमन' म्हणजे जाड सालीचं, मोठं, पिवळंजर्द फळ. आपलं कागदी लिंबू त्या जातीचंच नाही, ते 'लाइम'च्या घराण्यातलं. मुंबईच्या माणसाने लिहिलेली कृती मुंबईत परत आणताना नेमकी इथे फसते.

हिशेब असा. एका लेमनमधून ४० ते ४५ मिली रस निघतो, बऱ्यापैकी रसदार कागदी लिंबातून १५ मिली. म्हणजे रसाला एकास तीन हे तुमचं प्रमाण बरोबर होतं. पण एका लेमनच्या दोन साली पडायच्या तिथे तुमच्या सहा साली पडल्या, त्याही जास्त कडू जातीच्या, आणि डाळ फक्त पाव किलो.

आता दहाव्या मिनिटाला गोड आणि तासाने कडू का, ते. लिंबाच्या पांढऱ्या अस्तरात आणि बियांत लिमोनिनचा जनक पदार्थ असतो. तो मुळात कडू नसतो. रसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि ते मात्र अतिशय कडू. उष्णतेने हे काम आणखी लवकर होतं. संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो, त्यामागेही हेच. म्हणून पहिल्या चवीवर विसंबू नका. कडवटपणा मागाहून येतो आणि आला की जात नाही. साखर-गूळ घालून फक्त लपतो, तोही अर्धवट.

उपाय दोन. मोठ्या बाजारात परदेशी भाज्यांच्या गाळ्यावर पिवळं लेमन मिळतं. ते मिळालं तर साल घाला, पण बिया काढून, आणि १० मिनिटांनी चिमट्याने उचलून टाका. कागदी लिंबू असेल तर पिळलेल्या साली भांड्यात अजिबात नकोत. वास हवा असेल तर पिळण्याआधी दोन-तीन लिंबांची हिरवी-पिवळी कातडी तेवढी बारीक किसणीवर अलगद फिरवून घ्या आणि तो कीस गॅस बंद केल्यावर घाला. पांढरं दिसू लागलं की थांबा. वासाचं तेल सगळं वरच्या त्या पापुद्र्यातच असतं.

खडामसाला

वरच्याशी सहमत, फक्त कीसही मोजूनच. पाव किलो डाळीला एका लिंबाचा पुरे. जास्त झाला की डाळीला भांडी घासायच्या साबणाचा वास येतो.

डाळ कचकचीत राहण्याचं कारणही लिंबूच. आम्लात डाळीच्या पेशी बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. डाळ पूर्ण मऊ होण्याआधी रस पडला की पुढे कितीही उकळा, दाणा हट्टाला पेटतो. चिंच-आमसूल आपण वरणात शेवटी का घालतो, तेच इथे. दुसरा संशयित पाणी. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्यानेही डाळ निबर राहते. वाईजवळ नेमकं कुठलं पाणी मिळेल ते आधी विचारा. जड असेल तर शिजवण्यापुरते २० लिटरचे जार मागवा. सोडा घालू नका. डाळ गळेल, पण चव साबणासारखी होईल आणि लिंबाचा रस त्या सोड्यावरच खर्ची पडेल.

पातेलं कशाचं होतं? केटररची मोठी पातेली बहुतेक हिंडालियमची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यात लिंबू घातलेली डाळ दोन तास राहिली तर धातूची चव उतरते. स्टील किंवा कल्हई केलेलं पितळ घ्या. हिंडालियमचंच वापरावं लागलं तर रस पातेल्यात घालूच नका, वाढपाच्या स्टीलच्या बादलीत घाला.

लाईटगेली

प्रमाण देतो. ताटात डाळ, भात, एक भाजी, दोन पोळ्या आणि कोशिंबीर आहे असं धरून, ४० माणसांना:

मसूर डाळ (सोललेली, लाल) १.८ किलो
पाणी ६ लिटर, शिवाय दीड-दोन लिटर उकळतं पाणी हाताशी
कांदा १ किलो, उभा पातळ चिरून
तेल २५० मिली परतायला, १०० मिली वरच्या फोडणीला
दालचिनी २ इंचाचे ५ तुकडे
आलं १०० ग्रॅम, किसून
लाल तिखट २० ग्रॅम
मीठ आधी ६५ ग्रॅम, शेवटी चव घेऊन ८५ पर्यंत
लिंबाचा रस १६० ते १८० मिली, म्हणजे ११-१२ कागदी लिंबं
वरच्या फोडणीला लसूण १०० ग्रॅम, हिरव्या मिरच्या १५, तमालपत्र ६, कोथिंबीर एक मोठी जुडी

सगळं मिळून साडेआठ लिटरच्या आसपास डाळ होते, माणशी २०० मिलीच्या वर. तांदूळ माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे ३ किलो. लाइट आणि सेटिंगच्या मंडळींची भूक वेगळी असते, पोळ्यांच्या ऐवजी नुसता भातच असेल तर ४ किलो धरा.

दालचिनी सरळ पटीत वाढवू नका. पाव किलोला एक तुकडा म्हणून १.८ किलोला सात-आठ असं केलंत तर डाळ औषधी लागेल. बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, खरखरीत साल मिळते ती बहुतेक कॅशिया असते आणि तिखटजाळ असते. तेलातून परतून डाळीत १५ मिनिटं उकळली की बाहेर काढा. तिखटाचंही तेच, आधी १५ ग्रॅम. मीठ आणि आम्ल मात्र जवळपास पटीतच लागतं.

आता काम कसं करायचं. पातेलं १५ लिटरचं, जाड बुडाचं. साडेआठ लिटरला १० लिटरचं पुरेल असं वाटतं, पण मसूर पहिल्या उकळीला फेसाचा डोंगर चढवते आणि बर्नर विझवते. डाळ तीन-चार पाण्यांतून धुवा, खळखळ नितळ पाणी दिसेपर्यंत. फेस निम्मा तिथेच कमी होतो. उरलेला झाऱ्याने काढा.

कांद्याला वेळ द्या. एक किलो कांदा मोठ्या शेगडीवर नीट सोनेरी व्हायला २०-२५ मिनिटं लागतात. पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी सुटत असतं आणि इथेच लोक घाई करून डाळ ओततात. कांद्याच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, तेल बाजूला दिसू लागलं की आलं, तिखट, दहा सेकंदांनी डाळ. डाळ तेलात दोन मिनिटं परता, मग गरम पाणी. गार पाणी ओतलंत तर सहा लिटरला परत उकळी यायला वीस-पंचवीस मिनिटं जातील आणि तोवर डाळ बुडाशी बसून लागेल. उकळी आल्यावर मध्यम आचेवर २५ मिनिटांत मसूर गळते. दर तीन-चार मिनिटांनी उलथन्याने बूड खरवडत राहा.

डाळ बुडाला लागलीच तर ढवळू नका. वरची डाळ तशीच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या, खालचा थर सोडून द्या. ढवळलंत की सगळ्या साडेआठ लिटरला करपट वास.

उघड्यावर शेगडीची ज्योत वाऱ्याने एका अंगाला झुकते आणि पातेलं एकाच बाजूने तापतं. तीन बाजूंनी पत्रा उभा करा.

तिसरीघंटा

खूपच उपयोगी. लंच ब्रेक १ ला जाहीर होतो, पण शॉट लांबला तर अडीचही वाजतात. डाळ तोवर कशी धरून ठेवायची? आणि मोहरीचं राहिलं.

लाईटगेली

डाळ ६० अंशांच्या वर ठेवायची, हा नियम. अगदी मंद आच आणि खाली तवा, किंवा जाड थर्मल डबे. डबे आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या, नाहीतर डबाच डाळीची उष्णता पितो. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: डाव काढल्यावर स्पष्ट वाफ दिसली पाहिजे आणि चमच्यावर फुंकर न मारता खाता येऊ नये. कोमट झालेली डाळ-भात दोन तासांहून जास्त ठेवू नका, कडक उन्हाळ्यात एकच तास. भाताला जास्त जपायचं. भातात राहणारे जंतू शिजवताना मरत नाहीत, कोमट भातात ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे भात दोन घाण्यांत लावा: पहिला साडेबाराला, दुसरा ब्रेकची खात्री झाल्यावर.

रस आणि वरची फोडणी दोन्ही ब्रेक जाहीर झाल्यावरच. मसूर ठेवली की घट्ट होते, तेव्हा आधी उकळतं पाणी घालून सारखी करा, मीठ बघा, मग रस. उलटं केलंत तर पाण्याने आंबटपणा पातळ होतो आणि पुन्हा लिंबं पिळत बसावं लागतं.

पाटावरवंटा

मोहरी. त्यांच्या कृतीतली फ्रेंच मोहरी म्हणजे डिजाँ पद्धतीची: तपकिरी मोहरी व्हिनेगर किंवा वाइनसारख्या आंबट द्रवात वाटून, टरफलं गाळून केलेली गुळगुळीत पेस्ट. बाटली मिळते, पण ४० माणसांना महाग पडते. बर्गरबरोबर येणारी पिवळीधमक गोडसर मोहरी मात्र चालणार नाही, ती साखर-हळदीची बहीण.

आपल्याकडे त्याला सरळ उत्तर आहे: फेसलेली मोहरी. लोणच्याला, भरताला लावतो तीच. मोहरीची डाळ घेतलीत तर टरफलाचा प्रश्नच नाही. १०० ग्रॅम मोहरीची डाळ कोरडीच बारीक करा. १५० मिली गार पाणी थोडं थोडं घालत मिक्सरमध्ये पल्स देत, किंवा खलात, फेसा. पाच-सात मिनिटांत रंग फिकट होतो, पेस्ट फुगून हलकी होते आणि झाकण उघडलं की नाकात झणका बसतो. तो बसला की १० ग्रॅम मीठ आणि ३० मिली व्हिनेगर.

क्रम बदलू नका. झणका मोहरीत आयता नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं एक एन्झाइम तो तयार करतं. पाणी गरम असेल तर एन्झाइम मरतं, आणि उरते नुसती कडू मोहरी. व्हिनेगर पहिल्यांदाच घातलं तर काम मंदावतं आणि पेस्ट मिळमिळीत होते. दहा मिनिटांनी घातलं तर तयार झालेला झणका टिकून राहतो.

हीच गोष्ट शिजवतानाही. मोहरी घातलेली भाजी खळखळ उकळली की झणका वाफेबरोबर उडतो, मागे आंबट-कडू दाटपणा. फरसबीला लावायची असेल तर ४ किलो फरसबी मिठाच्या उकळत्या पाण्यात ४-५ मिनिटं शिजवून निथळा, तेल-जिऱ्यावर परता, गॅस बंद करा, आणि वरची पेस्ट १०० ग्रॅम तीन-चार चमचे पाण्यात सैल करून कालवा. गॅस बंद, हे महत्त्वाचं.

कोथिंबीरजुडी

इंग्रजी पुस्तकांतून आणखी दोन खड्डे, जाता जाता. 'कप' म्हणजे २४० मिली, आपल्या चहाच्या कपाचा इथे संबंध नाही. त्यात मसूर डाळ १९०-२०० ग्रॅम बसते. 'टेबलस्पून' १५ मिली, आपला पोह्यांचा चमचा त्याहून लहान. 'कॅरावे' आलं तर शहाजिरं. साधं जिरं नव्हे, आणि कांद्याचं बीही नव्हे. आणि 'एक मोठा कांदा' म्हणजे तिथला पाव किलोचा गोळा, आपले अडीच-तीन.

बोरीबंदर

कृती अशी सैल का आहे, हे समजायला माणूस बघावा लागतो. मर्चंट १९३६ साली मुंबईत जन्मले, सेंट झेवियर्समधून न्यूयॉर्कला गेले. १९६१ मध्ये दिग्दर्शक जेम्स आयव्हरींबरोबर मर्चंट आयव्हरी कंपनी काढली आणि रूथ प्रवर झाबवाला यांच्या कादंबरीवरचा 'द हाउसहोल्डर' १९६३ साली आला. हे आचारी नव्हते, निर्माते होते, तेही कमी पैशांत भरजरी चित्रपट काढणारे. युनिटला पैसे बेताचे मिळत आणि निर्माता स्वतः करी रांधून घाली, असं त्यांच्या सेटबद्दल सांगतात. जेवणातून नट, पैसेवाले, नाराज तंत्रज्ञ सगळ्यांना वळवण्याची त्यांची ख्यातीच होती.

ते ध्यानात ठेवून पुस्तक वाचलं की कळतं: मसाले अख्खे, वाटण जवळजवळ नाही, चार-पाच जिन्नस, एक भांडं, आणि बाकी वेळ फोनला मोकळा. मोहरीची बाटली, लिंबू, आलं हे न्यूयॉर्कच्या फ्रिजमध्ये असतंच. घरंदाज मुस्लिम मुंबईचा स्वयंपाक शोधायला या पुस्तकात गेलात तर निराश व्हाल. तो यात वासापुरता आहे. माझ्या मते ही पुस्तकाची उणीव नाही, पण मराठी वाचकाला 'इंडियन क्युझीन' हे नाव वाचून भलत्याच अपेक्षा होतात.

पुढची पुस्तकं: 'पॅशनेट मील्स' १९९४ चं, कृतींसाठी तेच घ्या. फ्लॉरेन्स आणि पॅरिसवरची दोन्ही शूटिंगच्या आठवणी आणि जेवण असं मिश्रण आहे, स्वयंपाकाला कमी कामाची. अचूक मापांची सवय असेल तर मधुर जाफरींकडे वळा. त्याही याच गोतावळ्यातल्या: याच कंपनीच्या 'शेक्सपिअरवाला' चित्रपटासाठी १९६५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, आणि १९७३ पासून त्यांची पाककृतींची पुस्तकं येत गेली. त्यांची कृती पायरी-पायरीने हात धरून नेते. मर्चंटांची 'पुढचं तुम्ही बघा' म्हणून निघून जाते.

खडामसाला

@बोरीबंदर, 'वासापुरता' जरा अन्याय झाला. कांदा आणि अख्खी दालचिनी तेलात घेऊन त्यावर मसूर, हा हात मुंबईच्या मुस्लिम घरातलाच आहे. आपल्या आमटीत दालचिनी गोडा मसाल्यातून येते, अशी उघडी पडत नाही.

बाकी धागाकर्त्यांना, वरच्या फोडणीचं एक राहिलं. १०० ग्रॅम लसूण एकाच कढल्यात टाकू नका. मधला लसूण कच्चा आणि कडेचा काळा होतो, आणि काळा लसूण म्हणजे पुन्हा कडू डाळ, मग दोष लिंबावर जाईल. ५०-५० ग्रॅमचे दोन घाणे करा. लसूण ठेचू नका, काप करा, सगळे सारख्या जाडीचे. तेल मध्यम गरम असताना तमालपत्र आणि लसूण, काप कडेने पिवळे पडले की मिरच्या, आणि बदामी होण्याच्या किंचित आधी गॅस बंद. तापल्या तेलात ते पुढे आपोआप बदामी होतात. पहिला घाणा अर्ध्या डाळीवर ओतून लगेच झाकण, एक मिनिट. दुसरा दुसऱ्या पंगतीच्या बादलीवर, तेव्हाच करून.

तिसरीघंटा

पाव किलोवर पुन्हा केली. साली नाहीत, एका लिंबाचा कीस, रस गॅस बंद करून २५ मिली. तीन तासांनीही कडू नाही, डाळ लोण्यासारखी. १८० मिलीचं प्रमाण ४० जणांना बरोबर बसतंय. लेमन मिळाली तर पहिल्या दिवशी सालींसकट आणि दुसऱ्या दिवशी कागदी लिंबाची, अशा दोन्ही करते.

पाटावरवंटा

सालींसकट करणार असाल तर लेमन कोमट पाण्यात मीठ टाकून घासून धुवा. दुकानात येणाऱ्या लेमनवर बहुतेक मेणाचा हात असतो.